नाममुद्रा आणि रोकड : ‘शाकुंतला’तील धीवराच्या प्रवेशासंबंधी

१

मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील टिटवाळा हे गाव तेथील महागणपतीच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. या भागी पूर्वी कण्व मुनींचा आश्रम होता; दुर्वासाच्या शापामुळे पतीला पारखी झालेल्या शकुंतलेने कण्वांच्या सांगण्यावरून येथे गणेशाची स्थापना केली; पुढे देवालय तळ्याच्या गाळात लोपले आणि थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत तळे उपसताना मूर्ती पुन्हा हाती लागली, अशी आख्यायिका सांगण्यात येते. विवाह जुळावा, मोडू पाहणारा संसार सावरावा, म्हणून या गणपतीला नवस करण्याची चाल याच कथेच्या आधारावर उभी आहे. कथेला इतिहासाचे पाठबळ नाही हे सांगावयास नकोच. कालिदासाचा कण्वाश्रम मालिनी नदीच्या तीरी, हिमालयाच्या पायथ्याशी आहे. काळू नदीच्या खोऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. तथापि आख्यायिकेतील एक गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाने टिपून ठेवण्यासारखी आहे. महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतलोपाख्यानात शापही नाही आणि अंगठीही नाही. तेथे दुष्यंताला सर्व काही आठवत असते आणि लोकापवादाच्या भीतीने तो तिला नाकारतो. तेव्हा टिटवाळ्याच्या भाविकांची शकुंतला ही व्यासांची नसून कालिदासाची आहे. नाटकातील कथा लोकांत इतकी मुरली की तिला गाव मिळाले, तळे मिळाले, देव मिळाला. मात्र त्या कथेचा कणा असलेल्या राजाच्या नावाच्या अंगठीला आख्यायिकेत फारसे काम उरलेले नाही. तिची जागा नवसाने घेतली आहे.

प्रस्तुत विवेचन त्या अंगठीविषयी आहे. अंगठी ही प्रेमाची खूण, स्मृतीचे साधन, शापाचा उःशाप, अशा अंगांनी ‘शाकुंतला’चा विचार पुष्कळ झाला आहे. ती मौल्यवान धातूची, हातोहात जाणारी, बाजारात विकली जाऊ शकणारी एक वस्तू आहे आणि तिच्यावर मालकाचे नाव कोरलेले आहे, या अंगाकडे मात्र टीकाकारांचे लक्ष क्वचितच गेले. पैशावर नाव असावे की नसावे, आणि कोणी किती कशावर खर्च केला हे राज्यसंस्थेने जाणावे की नाही, हा प्रश्न आज पुन्हा ऐरणीवर आला असताना, त्या प्रश्नाची एक विलक्षण स्पष्ट मांडणी या नाटकात सापडते. सहाव्या अंकाच्या आरंभीचा धीवराचा प्रवेश ही ती मांडणी होय. पण तेथे पोचण्यापूर्वी पहिल्या अंकाकडे वळले पाहिजे.

२

नाटकात अंगठी प्रथम पुढे येते ती कर्ज फेडण्यासाठी. शकुंतला रुसून निघाली असता प्रियंवदा तिला अडवते आणि दोन झाडांना पाणी घालण्याचे तुझे देणे माझ्याकडे बाकी आहे, ते फेडल्यावाचून जाऊ नकोस, असे म्हणते. हे देणे श्रमाचे आहे. त्याची नोंद कोठेही नाही. दोघी सख्यांच्या आठवणीत ते आहे तेवढेच. भुंग्याच्या निमित्ताने पुढे झालेला आणि आपली ओळख लपवून बसलेला राजा शकुंतलेला त्या ऋणातून सोडविण्यासाठी बोटातील अंगठी काढून देतो. दोघी सख्या अंगठीवरील नाममुद्रेची अक्षरे वाचतात आणि एकमेकींकडे पाहतात.

कालिदासाने येथे एका कृतीत दोन परिणाम साधले आहेत. ज्या साधनाने राजा देणे देऊ पाहतो त्याच साधनाने त्याचे नाव फुटते. त्याला दोन झाडांच्या पाण्याची किंमत तेवढी द्यावयाची होती. आपण कोण हे सांगावयाचे नव्हते. परंतु नाव कोरलेल्या वस्तूने व्यवहार करणाराला किंमत निराळी आणि ओळख निराळी काढून देता येत नाही. मग सावरासावर करण्यासाठी हा राजाकडून मिळालेला नजराणा आहे असे त्याला सांगावे लागते. म्हणजे तो खोटे बोलतो. प्रियंवदेचे उत्तर मार्मिक आहे. तसे असेल तर अंगठी बोटापासून वेगळी होऊ नये. आर्यांच्या शब्दानेच ही ऋणमुक्त झाली, असे सांगून ती अंगठी परत करते. आश्रमातील अर्थव्यवहार शब्दावर चालतो. नावाची वस्तू तेथे चलन म्हणून आणली गेली आणि नाकारली गेली.

हा प्रसंग शृंगाराच्या ओघात वाहून जातो आणि त्यात वावगे काही नाही. पण पुढच्या सर्व अनर्थाचे बीज याच ठिकाणी आहे. ज्या अंगठीने पहिल्या अंकात देणाऱ्याला उघडे पाडले, ती पाचव्या अंकात नेमकी हवी त्या वेळी बोटात नाही. शक्रावताराजवळील शचीतीर्थाला वंदन करताना ती पाण्यात पडली असावी, असे गौतमी म्हणते. शकुंतला अंगठीवाचून आपली सत्यकथा सांगू लागते. दीर्घापांग नावाच्या पाडसाने राजाच्या हातचे पाणी प्याले नाही, तिच्या हातचे प्याले, हा केवळ दोघांनाच ठाऊक असलेला प्रसंग ती साक्ष म्हणून पुढे करते. राजा ती साक्ष स्त्रियांच्या स्वाभाविक चतुराईत जमा करतो. पहिल्या अंकात शब्द पुरेसा होता आणि खूण अनावश्यक होती. राजसभेत खुणेवाचून शब्दाला काडीची किंमत नाही. आश्रम आणि दरबार यांतील अंतर कालिदासाने वर्णनाने सांगितले आहेच, परंतु या फरकाने ते अधिक तीव्रपणे जाणवते.

३

आता सहावा अंक. दोन रक्षक एका माणसाचे हात मागे बांधून त्याला मारीत आणतात. बरोबर नगररक्षणाचा अधिकारी आहे आणि तो राजाचा मेहुणा आहे. राजाच्या नावाची, रत्न जडविलेली अंगठी तुला कोठे मिळाली, हा प्रश्न. प्रश्न विचारतानाच त्याचे उत्तर ठरलेले आहे. तू कोणी थोर ब्राह्मण आहेस असे समजून राजाने तुला ती दान दिली की काय, असा टोमणा पहिला रक्षक मारतो. आपण शक्रावतारी राहणारा धीवर आहोत, असे तो सांगू लागतो, तोच दुसरा खेकसतो की आम्ही तुझी जात विचारली काय? वस्तुतः त्यांनी तीच विचारली होती. अंगठी कोठून आली यापेक्षा ती असल्या माणसाकडे कशी, हा रक्षकांचा खरा प्रश्न आहे. धंद्याची टवाळी होते. त्यावर धीवर देतो ते उत्तर या प्रवेशातले सर्वांत मानी वाक्य आहे. आपल्या वाट्याला आलेले काम निंद्य ठरले तरी सोडू नये, दयाळू श्रोत्रियही यज्ञात पशू मारताना निष्ठुर होतोच, असा त्याचा आशय. मग तो आपली हकीकत सांगतो. रोहित मासा कापताना त्याच्या पोटात अंगठी दिसली, ती विकावयास काढली, तोच पकडला गेलो.

हकीकत संपूर्ण खरी आहे. प्रेक्षकालाही ती खरी आहे हे पाचव्या अंकामुळे कळलेले आहे. परंतु या खऱ्या हकीकतीचा त्याला काय उपयोग होतो? काहीच नाही. अधिकाऱ्याला ती ऐकताना त्याच्या अंगाच्या कच्च्या मासाच्या वासाने त्याचा धंदा तेवढा पटतो. अंगठी मिळण्याची गोष्ट राजाच्या कानी घालावयास तो आत जातो. बाहेर थांबलेल्या रक्षकाचे हात वध्याला घालावयाची फुले बांधण्यासाठी शिवशिवत आहेत. धीवराचे प्राण वाचतात ते राजाला अंगठी पाहून प्रिय व्यक्तीची आठवण झाली म्हणून. म्हणजे ज्या एका पुराव्याने तो निर्दोष ठरला तो पुरावा त्याच्या हाती कधीच नव्हता. तो राजाच्या विस्मृत मनात होता. शापाची मुदत अंगठी दिसताच संपावयाची होती हे धीवराचे भाग्य. ती तशी नसती, तर खरे बोलूनही तो सुळावर गेला असता आणि नाटकातील एकाही पात्राला त्यात अन्याय झाला असे वाटले नसते.

शकुंतला आणि धीवर ही जोडी या दृष्टीने एकत्र पाहावयास हवी. एकीची खूण हरवली, एकाला ती सापडली. अविश्वास दोघांच्याही वाट्याला आला. नावाची खूण जवळ नसणे हा जसा गुन्हा, तशी ती जवळ असणे हाही गुन्हा. दोहोंतून एवढेच निष्पन्न होते की ज्याच्या नावाची खूण आहे त्याच्या मर्जीवाचून तिचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणालाच नाही. केवळ विनोदी विसावा म्हणून या प्रवेशाची बोळवण करणारी टीका हे साम्य पाहू शकत नाही. मराठी रंगभूमीपुरते बोलावयाचे तर ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा जो पहिला प्रयोग झाला तो पहिल्या चार अंकांचाच होता, म्हणजे संगीत नाटकाचा जन्म झाला त्या रात्री अंगठी अजून हरवलीही नव्हती.

प्रवेशाचा शेवट अर्थशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. राजाने अंगठीच्या किमतीइतके बक्षीस धीवराला दिले. या ठिकाणी पाठभेद आहेत. काही प्रतींत नुसते द्रव्य आहे, तर बंगाली परंपरेत कडे दिले आहे. द्रव्याचा पाठ घेतला तर अर्थ अधिक खुलतो. नावाची वस्तू राजाकडे परत गेली आणि तिच्या मोलाचे, कोणाचेही नाव नसलेले धन धीवराच्या हाती आले. आता कोठून आणलेस, असे त्याला कोणी विचारणार नाही. एक रक्षक असूयेने पाहतो. धीवर त्यातले अर्धे आपणा सर्वांच्या फुलांची किंमत म्हणून देऊ करतो. मघाशी ज्या फुलांसाठी हात शिवशिवत होते त्याच फुलांची ही किंमत. अधिकारी लगेच त्याचा परममित्र होतो आणि मंडळी मद्याला साक्ष ठेवण्यासाठी कलालाच्या दुकानाकडे निघतात.

४

कालिदासाने पात्रांना दिलेली नावे येथे लक्षात घेण्यासारखी आहेत. एका रक्षकाचे नाव सूचक. याचा अर्थ बातमी देणारा, खबऱ्या. याच अंकात पुढे धनमित्र व्यापाऱ्याच्या संपत्तीचा कागद पाठविणाऱ्या अमात्याचे नाव पिशुन, म्हणजे चहाडखोर. आणि पिशुन हे कौटिल्याने उल्लेखिलेल्या एका पूर्वाचार्याचेही नाव आहे. नावे योगायोगाने पडली असे मानणे कठीण आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील नागरिकाचे प्रकरण समोर ठेवले म्हणजे धीवराचा प्रवेश ज्या राज्ययंत्रात घडतो ते यंत्र स्पष्ट दिसू लागते. मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात प्रसिद्ध केलेल्या प्रा. र. पं. कंगले यांच्या संपादनामुळे हा ग्रंथ आपल्या अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्या प्रकरणानुसार शहरातील ठरावीक कुटुंबांवर गोप नेमावयाचा. त्याने स्त्रीपुरुषांची जात, गोत्र, नाव, धंदा जाणावयाचा आणि त्याबरोबर त्यांची जमा व खर्चही जाणावयाचा. मद्यविक्रेते, शिजविलेले अन्न विकणारे, गणिका यांनी कोणी प्रमाणाबाहेर खर्च करीत असेल तर वर कळवावयाचे. सुराध्यक्षाच्या प्रकरणात तर गुत्त्यात बसलेल्या गिऱ्हाइकाचा नेहमीचा खर्च कोणता आणि अचानक वाढलेला कोणता हे गुप्त हेरांनी पाहावयाचे आहे.

अर्थशास्त्र ज्या गुत्त्यात हेर बसवते त्याच गुत्त्यात कालिदासाने नगररक्षकाला लाचेचे पैसे घेऊन पाठविले आहे. खर्चावर नजर ठेवणारे डोळेच तेथे खर्च करीत आहेत. कालिदासाने अर्थशास्त्र वाचून हा विनोद रचला असे सिद्ध करता येत नाही आणि तसे सिद्ध करण्याची आवश्यकताही नाही. दोन्ही ग्रंथ एकाच प्रकारच्या राज्याविषयी बोलतात, एक आज्ञेच्या भाषेत आणि दुसरा हसत हसत.

धीवराला विचारलेला प्रश्न कायद्याच्या पुस्तकात आजही शिल्लक आहे. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या, १२४ व्या कलमान्वये चोरीची असावी असे मानण्यास कारण असलेली वस्तू ज्याच्या ताब्यात आढळेल, किंवा जो ती विकावयास अगर गहाण ठेवावयास काढील, त्याला ताब्याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही तर तो शिक्षेस पात्र होतो. वस्तू कोणाची चोरीस गेली हे सिद्ध व्हावेच लागते असे नाही. शक्रावताराचा धीवर या कलमात चपखल बसतो. मासा कापला, अंगठी निघाली, हा खुलासा कोणत्या दंडाधिकाऱ्याचे समाधान करील?

५

नाण्याचे आणि नोटेचे वैशिष्ट्य असे की तिथे हा खुलासा मागण्याची सोयच नसते. जुन्या पेढीव्यवहारात नामजोग हुंडी ज्याच्या नावाची त्यालाच पटे. नोट मात्र धारकाला पैसे देण्याचे वचन देते आणि धारक कोण हे विचारत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण बोलणाऱ्याला मुठीतल्या रकमेपेक्षा ती झाकण्याचा हक्क महत्त्वाचा वाटतो. कनवटीचा पैसा, बटव्यातला पैसा, गाठीचा पैसा, हे सर्व शब्द पैसा अंगाला चिकटून असल्याचे आणि परक्याच्या नजरेआड असल्याचे सांगतात. टिटवाळ्याच्या दानपेटीत पडणाऱ्या पैशावर देणाऱ्याचे नाव नसते, आणि गुप्तदानाचे पुण्य त्या नाव नसण्यातच आहे.

राज्याने या झाकल्या मुठीला हात घालण्याचे प्रसंग महाराष्ट्राला नवे नाहीत. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिण्याच्या खर्चाला परवान्याची, म्हणजे नावाची, जोड दिली. जानेवारी १९६३ मध्ये आलेल्या सुवर्णनियंत्रणाने चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास काही वर्षे बंदी केली आणि दागिना नसलेले सोने जाहीर करावयास लावले. गावोगावच्या सोनारांचे हात रिकामे झाले. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द होईपर्यंत सोने ही संशयाची वस्तू राहिली. परंतु ८ नोव्हेंबर २०१६ च्या निर्णयाची व्याप्ती या सर्वांहून मोठी होती. पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या आणि देशातील प्रत्येक घराला आपली मूठ बँकेच्या खिडकीत उघडून दाखवावी लागली. डाळीच्या डब्यात नवऱ्याच्या नकळत साठविलेले पैसे गृहिणीला नवऱ्यासमोर काढावे लागले. १४ नोव्हेंबर २०१६ पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली, त्यामुळे ज्या शेतकऱ्याचे खाते तेथेच होते त्याच्या खुलाशाला ऐकणारेच कोणी उरले नाही. बाद नोटांपैकी नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक नोटा परत आल्याचे रिझर्व्ह बँकेनेच पुढे नमूद केले. मासे बहुतेक सगळे जाळ्यात आले. पोटात अंगठी फार थोड्यांच्या निघाली.

ठाणे जिल्ह्यात या काळातला एक प्रयोग विशेष गाजला. टिटवाळ्यापासून फार दूर नसलेल्या मुरबाड तालुक्यातील धसई हे बाजाराचे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाच्या पुढाकाराने आणि बँक ऑफ बडोदाच्या साहाय्याने दुकानदारांना कार्डाची यंत्रे मिळाली. तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत समारंभ झाला. वडापावही कार्डावर विकला जाऊ लागला. पुढे रोकड तेथे परत आली. याचा दोष गावाच्या अडाणीपणावर ढकलणे सोपे आहे. परंतु आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून आठवड्याची मजुरी घेऊन येणाऱ्या आदिवासी गिऱ्हाइकाचा व्यवहार उधारीच्या वहीवर आणि सुट्या पैशांवर चालतो. प्रियंवदेच्या दोन झाडांच्या पाण्यासारखा तो ओळखीवर उभा असतो. त्यात यंत्र आणणे म्हणजे आश्रमात नाममुद्रा आणणे होय.

काळ मात्र तेथेच थांबलेला नाही. कार्ड जेथे रुजले नाही तेथे यूपीआय रुजले. टिटवाळ्यासारख्या क्षेत्रात अंगारकीला दूर्वांची जुडी, जास्वंदीची फुले, नारळ विकणाऱ्याच्या फळीवर आज क्यूआरचा फलक असतो. विक्रेत्याची सोय होते, सुट्याची कटकट मिटते, चोराचे भय उरत नाही. हे फायदे खरे आहेत आणि नाकारण्यात अर्थ नाही. पण वीस रुपयांच्या फुलांनाही आता देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, दिवस आणि घटका चिकटते. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर विभागाने अशाच नोंदींच्या आधारे छोट्या विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या तेव्हा बंगळूरच्या कित्येक दुकानांतून क्यूआरचे फलक उतरले आणि रोखच द्या अशा पाट्या लागल्या. त्या विक्रेत्यांतही कर चुकविणारे असतील; परंतु पाटी लावणाऱ्यांत धीवरही होते. करमाफ भाजीची विक्री आणि करपात्र विक्री यांतला फरक नोंदीत दिसत नाही. दिसते ती एकूण रक्कम, आणि खुलासा मागितला जातो तो त्या रकमेचा.

याच्याही पुढची पायरी २ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झालेल्या ई-रुपीत दिसते. हे अधिपत्र ज्याच्या नावे त्यानेच आणि ज्या कामासाठी त्याच कामासाठी वापरावयाचे असते. औषधोपचाराचा पैसा औषधोपचारालाच लागावा, हा हेतू चांगला आहे. परंतु पैशावर केवळ घेणाऱ्याचे नाव न कोरता त्याने तो कशावर खर्चावा हेही कोरता येते, ही कल्पना एकदा रूढ झाली म्हणजे ती फक्त औषधापुरती राहील असे मानण्यास आधार नाही. दुष्यंताच्या अंगठीवर निदान त्याचेच नाव होते. शकुंतलेने ती कोठे वापरावी हे त्यावर लिहिलेले नव्हते.

६

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो क्षुल्लक नाही. धीवराने रक्षकांना दिलेले अर्धे द्रव्य नाव नसलेलेच होते, म्हणून तर ती लाच कोठेही उमटली नाही. रोकडीच्या अंधारात लाच, हुंडा, जमिनीच्या व्यवहारातला काळा पैसा, सारेच सुखाने वावरतात. दुष्यंताला आपल्या मेहुण्याने बक्षिसातले अर्धे घशात घातले हे कधीच कळत नाही. कालिदासानेही ते त्याला कळू दिलेले नाही, आणि प्रवेश हसत हसत संपवून टाकला, हा नाटककाराचा थोडा सैलपणाच म्हटला पाहिजे. धीवराचा खाजगीपणा राखावयाचा तर अधिकाऱ्याची लाचही झाकली जाते, असे हे त्रांगडे आहे.

परंतु प्रवेश बारकाईने पाहिला तर उजेड आणि अंधार यांची वाटणी समान झालेली नाही असे दिसते. अंगठीचा हिशेब मागितला गेला तो धीवराकडे, मार खाऊन. फुलांच्या किमतीचा हिशेब मागणारा कोणीच नव्हता. याच वाटणीचे अर्वाचीन रूप निवडणूक रोख्यांच्या योजनेत पाहावयास मिळाले. फुलवाल्याच्या विक्रीवर नोंदीचा उजेड पडू लागला त्याच काळात, २०१८ पासून, राजकीय पक्षांना कोणी किती दिले हे जनतेपासून लपविणारी योजना चालू होती. सर्वोच्च न्यायालयाने ती १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणाचा हक्क मूलभूत मानला होता. तो हक्क फुलवाल्याला अधिक हवा की पक्षाला, याचे उत्तर राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीने दिले होते.

धनमित्राचा प्रसंग याच संदर्भात वाचला पाहिजे. समुद्रव्यापारी धनमित्र जहाज बुडून मेला, निपुत्रिक असल्याने त्याचे धन राजाकडे जावयाचे, असे पिशुनाने लिहून पाठविले आहे. आणि दिवसभर महसुलाची मोजदाद फार होती म्हणून प्रजेचे एवढे एकच प्रकरण पाहता आले, असेही त्याने कळविले आहे. अमात्याचे सारे लक्ष मोजदादीकडे आहे. राजा मात्र विचारतो की त्याच्या स्त्रियांपैकी कोणी गर्भवती आहे काय? साकेतच्या श्रेष्ठीची कन्या तशी असल्याचे कळते, आणि न जन्मलेल्या अपत्याचा त्या धनावर हक्क असल्याचा निर्णय तो देतो. आपल्याच अपत्याला आपण नाकारले हे शल्य मनात असल्याने त्याला हा प्रश्न सुचला, असे रसिक म्हणतील आणि ते बरोबरच आहे. परंतु राजधर्म म्हणून पाहता या प्रश्नाचे महत्त्व निराळे आहे. कागदावर निर्णय झालेला असताना, धन घेण्यापूर्वी, राज्याने स्वतःच्या विरुद्ध पुरावा स्वतः शोधला. धीवराच्या बाबतीत हे कोणी केले नव्हते.

सातव्या अंकात मारीचाच्या आश्रमात पतिपत्नींची भेट होते. राजा ती अंगठी पुन्हा शकुंतलेच्या बोटात घालू पाहतो. ती हात मागे घेते. आपला हिच्यावर विश्वास नाही, आर्यपुत्रांनीच ही घालावी, असे ती सांगते. पहिल्या अंकात प्रियंवदेने परत केलेली अंगठी अशा रीतीने दुसऱ्यांदा परत केली जाते आणि राजाच्याच बोटात राहते. लगेच मातली येतो आणि बोलणे दुसरीकडे वळते.